खाडीचा हिशेब नियोजनाच्या पटलावर घ्या : रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या जिल्हा नियोजन समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, रत्नागिरी
जिल्हा नियोजन समिती, सिंधुदुर्ग

विषय : विकासकामांच्या आराखड्यात खाडी, सडा (जांभ्या कातळाचे पठार) आणि किनारा यांच्या स्थितीचा समावेश करण्याबाबत

सन्माननीय सदस्यहो,

कोकणातील पर्यावरणाविषयीची पत्रे सहसा मुंबईच्या मंत्रालयाला किंवा दिल्लीला लिहिली जातात. हे पत्र मुद्दाम आपल्याला लिहीत आहे, कारण ज्या कामाची मागणी येथे करायची आहे ते काम राज्यघटनेने आपल्याकडेच सोपवलेले आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३ झेड-डी मध्ये जिल्हा नियोजन समितीने विकास आराखड्याचा मसुदा करताना कोणत्या गोष्टी विचारात घ्याव्यात हे सांगितले आहे, आणि त्यांत पंचायती व नगरपालिका यांच्या सामाईक हिताचे विषय म्हणून जागेचे नियोजन, पाण्याची व इतर नैसर्गिक साधनसंपत्तीची वाटणी, पायाभूत सुविधांचा एकत्रित विकास आणि पर्यावरणाचे रक्षण ही चारही कामे एकाच वाक्यात आली आहेत. म्हणजे विकास एका खात्याने करायचा आणि पर्यावरण दुसऱ्याने सांभाळायचे, अशी वाटणी घटनेने केलेली नाही. ती आपल्या कार्यपद्धतीने केली.

समितीच्या बैठकांची जी वृत्ते वर्तमानपत्रांत येतात त्यांवरून कामकाजाचा अंदाज येतो. जिल्हा वार्षिक योजनेचा मंजूर निधी किती, आला किती, खर्च किती झाला, मार्चअखेर किती परत जाणार, कोणत्या तालुक्याला साकवांसाठी व रस्त्यांसाठी किती मिळाले, यावर चर्चा होते आणि ती व्हायलाही हवी, कारण पावसाळ्यात साकव वाहून गेला की वाडीतील मुलांची शाळाच बंद पडते. पण ज्या खाडीवर तो पूल बांधायचा त्या खाडीचे पाणी कसे आहे, तिच्यात किती गाळ साचला आहे, तिच्यावर किती गावांचे पोट चालते आणि पुढच्या दहा वर्षांत तिच्याकडे आणखी काय काय येऊन पडणार आहे, हा विषय पटलावर आल्याचे वाचनात येत नाही. २०२२ नंतर बराच काळ जिल्हा परिषदांवर प्रशासक होते, तेव्हा तर ज्यांच्यामधून समितीचे बहुसंख्य सदस्य निवडून यायचे ते लोकप्रतिनिधीच जागेवर नव्हते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. कोकणाला विकास नको आहे, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची घटली. रत्नागिरीची सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आणि सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर आली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. या आकड्याचा कोणी अभिमानाने उल्लेख केला की मला अवघडल्यासारखे होते, कारण त्यामागे मुख्यतः मुंबईला गेलेले तरुण आहेत. गणपतीला आणि शिमग्याला गजबजणारी व एरवी कुलूप लावलेली घरे ज्या वाड्यांत अर्ध्याहून अधिक आहेत, तेथील माणसाला रोजगार हवाच आहे, आणि त्याला ‘निसर्ग जपा’ एवढाच उपदेश करणे हे पोटभरल्या माणसाचे लक्षण आहे.

शिवाय विकासाची चांगली उदाहरणे आपल्याच भूमीत आहेत. १९९०-९१ पासून रोजगार हमी योजनेशी जोडून राबवलेल्या फळबाग लागवड योजनेने कोकणातील वरकस जमिनींवर आंबा आणि काजू उभा केला. त्यात मालक येथलाच होता, जमीन त्याच्याच नावावर राहिली, आणि रोपे कोणती व लागवड कशी याचे मार्गदर्शन करायला दापोलीचे कृषी विद्यापीठ जवळ होते. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेसाठीही डोंगर फोडले गेले, जमिनी गेल्या; पण तिने चाकरमान्याला घर जवळ केले आणि येथल्या मालाला रस्ता दिला, म्हणून तिच्याविषयी आज कडवटपणाने बोलणारे फारसे भेटत नाहीत. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे आले. या मानांकनाचा अर्थच असा की मालाची किंमत या मातीशी, या हवेशी आणि या खाऱ्या वाऱ्याशी बांधलेली आहे. तेव्हा हवा आणि माती ही आपली भांडवली मालमत्ता झाली, आणि कोणत्याही मालमत्तेची नोंद कोठेतरी असावी लागते.

अशी नोंद नसली म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी दाभोळच्या खाडीएवढे बोलके उदाहरण नाही. वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरते, चिपळूण शहरातून जाते, पुढे खेडकडून येणारी जगबुडी तिला मिळते आणि दापोली व गुहागर यांच्यामध्ये ती समुद्राला भेटते. या नदीत निसर्गाने दिलेल्या पाण्याखेरीज कोयनेची वीज निर्माण करून झाल्यावर कोळकेवाडीमार्गे सोडलेले पाणीही येते, आणि ते थोडेथोडके नाही; वर्षाला सुमारे ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी घाटावरून इकडे वळवण्याची कोयनेला मुभा आहे. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या तालुक्यांत एप्रिल-मे महिन्यांत टँकर धावतात आणि त्याच सुमारास हे गोडे पाणी खाडीतून समुद्रात जाते. या विसंगतीवर समित्या नेमल्या गेल्या, योजना सुचवल्या गेल्या, पाणी मुंबईला नेण्याच्याही गोष्टी झाल्या. खाडीकाठच्या गावांना मात्र ते पाणी कोणत्या महिन्यात किती सुटणार याचे वेळापत्रकही सहज मिळत नाही.

त्याच खाडीकडे लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी जाते. वसाहत सड्यावर आहे, रसायनांचे कारखाने तेथे आहेत, सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रही आहे. खाडीतील मासे मरून वर येण्याच्या तक्रारी या पट्ट्यातील मच्छीमार वर्षानुवर्षे करत आले आहेत, आणि पश्चिम घाटविषयक गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात या परिसराच्या प्रदूषणाची विस्ताराने दखल घेतली. पण खाडीत फक्त कारखान्यांचे पाणी येते असे म्हणणेही खरे नाही. शहरांचे व बाजारपेठांचे सांडपाणी आहे, डोंगरउतारावर रस्त्यांसाठी व घरांसाठी केलेल्या खोदाईची माती आहे, वाळूउपसा आहे, बोटींचे तेल आहे. यातील प्रत्येक गोष्टीला वेगळे खाते आहे. वाळू महसूल खात्याकडे, सांडपाणी नगरपालिकेकडे, रसायने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, गाळ जलसंपदा विभागाकडे, मासे मत्स्यव्यवसाय विभागाकडे आणि काठावरचे कांदळवन (खारफुटी) वनखात्याकडे. खाडी म्हणून तिच्याकडे पाहणारे कोणीच नाही. (प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आपल्या जिल्ह्यांसाठीचे प्रादेशिक कार्यालय तर घाटावर कोल्हापुरात आहे. मेलेला मासा कोल्हापूरहून पाहणीला माणूस येईपर्यंत वाट पाहत नाही, आणि एक भरती-ओहोटी उलटली की पाण्याचा नमुनाही तोच राहत नाही.)

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले तेव्हा या सगळ्या खात्यांचा हिशेब एका रात्रीत एकत्र झाला. अतिवृष्टी, उधाणाची वेळ, धरणाचे पाणी, उथळ झालेले पात्र आणि पूररेषेत वाढलेली बाजारपेठ यांपैकी दोष कोणाचा किती, याचा वाद अजून मिटलेला नाही. नंतर गाळ काढायला हवा म्हणून व्यापाऱ्यांनी व नागरिकांनी आंदोलन केले, बांधकामांवर बंधने आणणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषांवरून संताप झाला, आणि मग यंत्रे नदीत उतरली. आधी पात्र भरू द्यायचे, मग ते उपसण्यासाठी सरकारी तिजोरीतून खर्च करायचा आणि दरम्यान दुकानदाराने आयुष्याची कमाई चिखलात पाहायची, या क्रमाला नियोजन म्हणता येणार नाही. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच्या दोन वर्षे आधी, २ जुलै २०१९ रोजी, चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि त्याचे खापर जाहीरपणे खेकड्यांवर फोडले गेले, हे आपण विसरला नसाल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मोठ्या प्रकल्पांना कोकणात विरोध होतो तेव्हा वरिष्ठ पातळीवर दोन कारणे गृहीत धरली जातात : लोक भडकवले गेले आहेत, किंवा मोबदला कमी पडला आहे. माडबन येथील ९,९०० मेगावॉटच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या वेळी हेच ऐकले, नाणार येथील वर्षाला ६ कोटी टन क्षमतेच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वेळी ऐकले, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणासाठी पोलीस बंदोबस्त आला तेव्हाही ऐकले. तिसरे कारण विचारात घेतले जात नाही, आणि माझ्या मते तेच सर्वांत वजनदार आहे. प्रकल्पाला परवानगी मिळेपर्यंतच लोकांच्या हातात काहीतरी असते. परवानगी मिळाली की काही उरत नाही. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणी एकदाच होते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी तिचे अध्यक्ष असतात, आणि मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतींतील प्रकल्पांना तर तिच्यातूनही सूट आहे. नंतरची तीस-चाळीस वर्षे अटी पाळल्या जात आहेत की नाही हे विचारायला खाडीकाठच्या माणसाला कोणतेही दार नाही. ज्याला नंतर कधीच बोलता येणार नाही तो पहिल्याच वेळी सारी ताकद लावून ‘नको’ म्हणणार, यात आडमुठेपणा कोठे आहे? अटींसह ‘हो’ म्हणण्याची सोय त्याला आपण ठेवलेलीच नाही.

कागदावर मात्र सोय आहे. त्याच अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणीय मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यायचा असतो, आणि हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र घेतलेल्या उद्योगांनी दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र भरायचे असते, ज्यात पाणी किती वापरले, सांडपाणी किती सोडले, घातक कचरा किती निघाला याचे आकडे येतात. म्हणजे नवा कायदा न करता, नवीन यंत्रणा न नेमता, केवळ असलेले कागद मागवून घेतले तरी जिल्ह्याचे अर्धे चित्र समोर येईल. ते अहवाल बहुधा इंग्रजीत असतात, तांत्रिक भाषेत असतात आणि कोणीतरी वाचतील या अपेक्षेने लिहिलेले नसतात. ग्रामपंचायतीच्या सूचना फलकावर घरपट्टीच्या थकबाकीदारांची यादी लागते, पण गावच्या वहाळात सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा अहवाल लागत नाही. भाषेच्या मुद्द्याला फाटा देता येणार नाही. मूल्यांकनाच्या अहवालाचा फक्त सारांश स्थानिक भाषेत द्यायचे बंधन आहे. अनेक भागांचा मूळ अहवाल इंग्रजीत राहतो. २०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा आला तेव्हा तो आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करून देण्याचे आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावे लागले होते.

परवानगीनंतरही लक्ष ठेवता येते याचा पुरावा कोकणाच्याच उत्तर टोकाला आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. ५०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र तेथे आधीच उभे होते. ते बंद करा असे प्राधिकरणाने म्हटले नाही, पण धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवलीच पाहिजे हा आग्रह वर्षानुवर्षे धरला आणि अखेर ती बसली. देशातील बहुतेक वीज केंद्रांना अशी यंत्रणा बसवण्याचे नाव काढायला पुढे कित्येक वर्षे लागली. वीज निघत राहिली आणि चिकूच्या वाड्याही राहिल्या. या प्राधिकरणाला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. वाढवण बंदराचा पहिला प्रस्ताव त्याने १९९८ मध्ये नाकारला आणि २०२३ मध्ये नव्या आराखड्याला अटी घालून मान्यता दिली. दुसरा निर्णय तेथील मच्छीमारांना मान्य नाही आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाल्यानंतरही त्यांचा विरोध संपलेला नाही. पण एका तालुक्यापुरते बसणारे, तक्रारदार व उद्योग या दोघांना समोरासमोर ऐकणारे आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारे स्थायी ठिकाण असले की काय साधते, हे डहाणूने दाखवून दिले आहे. दाभोळ, जयगड, राजापूर, विजयदुर्ग, कर्ली आणि तेरेखोल या खाड्यांना असे ठिकाण का असू नये?

सड्यांविषयी वेगळे लिहावे लागेल. रत्नागिरी-राजापूर-देवगडचे कातळसडे कागदोपत्री पडीक किंवा पोटखराबा (लागवडीस अयोग्य) असतात, म्हणून प्रकल्प शोधणाऱ्याची नजर प्रथम तेथेच जाते. ना झाडे तोडावी लागत, ना घरे उठवावी लागत. पण चार महिने पावसाचे पाणी अंगावर घेऊन ते जांभ्याच्या भेगांतून खाली सोडणारा सडाच असतो, आणि त्याच्या कडेला, जेथे गाव वसलेले असते, तेथे झरे आणि विहिरी लागतात. वायंगणी भात आणि कुळीथ-पावट्याचे मळे त्या ओलीवर होतात. सड्यावरचा चिरेखाणीचा खड्डा किंवा सपाटीकरण खालच्या वाडीच्या विहिरीपर्यंत पोहोचते, हे गावातील कोणीही सांगेल, पण परवाना देताना त्या विहिरीची नोंद घेतली जात नाही. पावसात याच कातळावर जी फुले येतात त्यांतील काही जाती अन्यत्र सापडत नाहीत. आणि बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी, देवीहसोळ, रुंढेतळी, जांभरुण व सिंधुदुर्गातील कुडोपी येथील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. ज्या बारसूचे नाव सरकारनेच जगापुढे ठेवले त्याच बारसूचे नाव सरकारनेच शुद्धीकरण प्रकल्पासाठी पुढे केले. दोन्ही प्रस्ताव जिल्ह्याच्या एकाच नकाशावर कोणी मांडून पाहिले असते तर ही नामुष्की टळली असती, आणि असा नकाशा करणे हे घटनेतील ‘जागेच्या नियोजना’त बसते.

पर्यावरणाचे नियम मोठ्यांना वाकतात आणि लहानांना टोचतात, ही भावनाही आपण ऐकून घ्यायला हवी, कारण ती सर्वस्वी चुकीची नाही. खारबंधाऱ्याला खांड पडली आणि दुरुस्तीचा प्रस्ताव दोन-तीन पावसाळे पडून राहिला की खारे पाणी भातशेतीत येते, मागोमाग कांदळ रुजतो, आणि मग ती कांदळवनाची जमीन म्हणून शेतकऱ्याला तेथे कुदळ मारता येत नाही. कांदळवन राखलेच पाहिजे. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१२ मध्ये राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला, तेव्हापासून किनाऱ्याचे भले झाले आहे. निसर्ग आणि तौक्ते या दोन चक्रीवादळांनंतर त्याची गरज पटवून द्यावी लागू नये. पण बंधारा वेळेवर न बांधण्याचा खर्च शेतकऱ्याने जमिनीच्या रूपाने भरावा हे न्यायाचे नाही. खारबंधाऱ्यांच्या दुरुस्तीला आपल्या वार्षिक योजनेत दरवर्षी ठरावीक तरतूद ठेवली तर हा संघर्ष पुष्कळसा उद्भवणारच नाही.

मासेमारीतही असेच. माशांचा थवाच वेढून घेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर शासनाने २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने बंदी घातली. रापण ओढणारा आणि गिलनेट टाकणारा पारंपरिक मच्छीमार हे निर्बंध पाळले जावेत म्हणून मालवणात रस्त्यावर उतरतो. हाच मच्छीमार १९८७ च्या मालवण सागरी अभयारण्याबद्दल मात्र साशंक राहिला, कारण ते जाहीर करताना त्याला विचारलेच नव्हते. याउलट मंडणगड तालुक्यातील वेळासला कासवांच्या अंड्यांचे रक्षण सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावाला बरोबर घेऊन २००२ पासून सुरू केले, पुढे कासव महोत्सव झाला, पाहुणे घरांत उतरू लागले आणि घरच्या बाईच्या हातात पैसा आला. गावात हॉटेल नसणे ही तेथे अडचण ठरली नाही. सिंधुदुर्गाला १९९७ मध्ये देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हटले गेले. मात्र किनाऱ्यावरील गावांच्या सांडपाण्याचा आणि कचऱ्याचा प्रश्न त्या घोषणेच्या वेगाने पुढे गेलेला नाही, आणि तो केवळ ग्रामपंचायतीच्या ताकदीचा नाही.

पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्याविषयी थोडक्यात लिहितो. गाडगीळ समितीनंतर कस्तुरीरंगन समिती आली, मग मसुद्यांवर मसुदे निघाले. सहावा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला, त्यात महाराष्ट्राचे सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. दरम्यान सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील काही ग्रामसभांनी स्वतः ठराव करून संरक्षण मागितले होते, आणि तो पट्टा संवेदनशील म्हणून जाहीर करण्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाला मार्च २०२४ मध्ये आदेश द्यावे लागले. मागणारी गावे थांबून राहतात आणि न मागणाऱ्या गावांना यादीत नाव पाहून धक्का बसतो, अशी ही तऱ्हा आहे. ग्रामसभांचे म्हणणे, अनुकूल असो वा प्रतिकूल, गोळा करून ते जिल्ह्याचे मत म्हणून पाठवणे आपल्या समितीला आजही शक्य आहे.

आता आपल्याकडून नेमके काय हवे ते सांगतो. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी ही की तालुक्याऐवजी खाडी आणि तिचे पाणलोट हे एकक धरून दोन्ही जिल्ह्यांची स्थिती-नोंद तयार व्हावी. गोडे पाणी किती येते, कोणते उद्योग व कोणत्या वस्त्या सांडपाणी सोडतात, वाळूचे गट किती, खारबंधारे कोठे व कशा अवस्थेत, मच्छीमारांची कुटुंबे किती, कालवे-तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) वेचून घर चालवणाऱ्या बायका किती, सड्यांवर किती खाणी, हे सारे एका नोंदीत यावे. यांतील बरीच माहिती निरनिराळ्या खात्यांकडे पडून आहे आणि ज्या खात्यांकडे ती आहे त्यांचे अधिकारी आपल्या बैठकीला हजर असतात. सुरुवात दाभोळच्या खाडीपासून व्हावी, म्हणजे पद्धत कोठे अडते ते पुढच्या खाड्यांआधी कळेल. नावीन्यपूर्ण योजनांसाठी वार्षिक योजनेत जी तरतूद असते तीतून हा खर्च निघू शकतो, आणि जेथे खाणी आहेत तेथे जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधीही आहे. स्थानिक महाविद्यालयांतील रसायनशास्त्राचे व प्राणिशास्त्राचे विभाग आणि रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय पाण्याचे नमुने घेण्याच्या कामी येतील. नमुना घेताना मच्छीमार संस्थेचा माणूस बरोबर असावा, कारण कोणत्या भरतीला कोठे पाणी बदलते हे त्याला माहीत असते.

ही नोंद झाली की नव्या प्रकल्पावर समितीने जे म्हणायचे ते या नोंदीच्या आधारे म्हणता येईल. आज प्रत्येक प्रकल्पाचे मूल्यांकन तो एकटाच येणार आहे अशा थाटात होते. शेजारच्या सहा प्रकल्पांची बेरीज कोणी करत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत एकत्रित परिणामांचा अभ्यास व्हावा अशी शिफारस गाडगीळ समितीने केली होती. ती शिफारस कोणाच्या राजकीय सोयीची नव्हती एवढ्यासाठी तिला बासनात बांधून ठेवण्याचे कारण नाही. मी असे म्हणत नाही की बेरीज केली म्हणजे उत्तर नेहमी ‘नको’ येईल. एखाद्या खाडीत फळप्रक्रिया, मत्स्यप्रक्रिया किंवा बोटबांधणीचे आणखी दहा कारखाने बसतील असेही दिसेल, आणि तसे दिसले तर उद्योजकालाही ते आधी कळलेले बरे. जमीन खरेदी करून, वर्षानुवर्षे वाट पाहून मग प्रकल्प गुंडाळण्याची वेळ आलेल्यांचे नुकसानही नुकसानच असते. अंजनवेलच्या (एन्रॉनच्या) वीज प्रकल्पाने १९९२ पासून दाखवलेली स्वप्ने आणि २००१ मध्ये थांबलेली चक्रे येथल्या लोकांच्या चांगलीच लक्षात आहेत, तेव्हा आकडे तपासून पाहण्याची सवय पर्यावरणाइतकीच अर्थकारणालाही हवी.

दुसरी मागणी अटींच्या पालनाची. दोन्ही जिल्ह्यांतील पर्यावरणीय मंजुरी मिळालेल्या सर्व प्रकल्पांची यादी आणि प्रत्येकाच्या अटी मराठीत छापून संबंधित ग्रामपंचायतींना द्याव्यात. सहामाही अहवाल आले की त्यांचा मराठी गोषवारा बैठकीच्या कार्यसूचीला जोडावा, आणि ज्या अटीचे पालन झालेले नाही तिच्याबाबत संबंधित अधिकाऱ्याने त्याच बैठकीत उत्तर द्यावे. दंड करण्याचा किंवा कारखाना बंद करण्याचा अधिकार समितीला नाही, याची मला कल्पना आहे. पण पालकमंत्र्यांच्या समोर, इतिवृत्तात नोंद होईल अशा रीतीने विचारलेल्या प्रश्नाला आपल्या प्रशासनात किती वजन असते हे आपण सर्व जाणता. वर्षातून किमान एक बैठक केवळ याच विषयासाठी, खाडीकाठच्या एखाद्या गावी, मच्छीमार संस्था, बागायतदार, उद्योजकांच्या संघटना आणि ग्रामपंचायती यांना बोलावून घ्यावी.

डहाणूच्या धर्तीवर दोन्ही जिल्ह्यांसाठी प्राधिकरण नेमावे असा ठराव आपण राज्य व केंद्र सरकारकडे पाठवावा, ही तिसरी मागणी. त्याला वेळ लागेल, म्हणून पहिल्या दोन गोष्टी त्यासाठी थांबवू नयेत.

प्रकल्पांचे पुढचे सहामाही अहवाल १ डिसेंबरपर्यंत दाखल होतील. त्यानंतरच्या बैठकीत, किमान दाभोळ खाडीच्या परिसरातील प्रकल्पांपुरते, ते पटलावर ठेवावेत आणि बैठकीची तारीख व कार्यसूची खाडीकाठच्या ग्रामपंचायतींना पंधरा दिवस आधी कळवावी, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
दाभोळ खाडीकाठचा एक रहिवासी व माजी ग्रामपंचायत सदस्य

प्रत माहितीसाठी : जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव, जिल्हा नियोजन समिती, रत्नागिरी व सिंधुदुर्ग